डोंगराचा जन्म पाहणारा पोस्टमास्तर

तुमच्या गावाजवळच्या डोंगराचे वय किती, असे कोणी विचारले तर तुम्ही काय उत्तर द्याल? महाराष्ट्रात राहणारा विद्यार्थी भूगोलाचे पुस्तक उघडून म्हणेल, "सह्याद्रीचे काळे खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाले." उत्तर बरोबर आहे. पण ते खडक तयार होताना पाहायला पृथ्वीवर माणूसच नव्हता. डोंगर म्हणजे आपल्या आधीपासून असलेली आणि आपल्यानंतरही राहणारी वस्तू, अशीच आपली समजूत असते.

जपानमध्ये मात्र असा एक डोंगर आहे की ज्याच्या जन्माची तारीख सांगता येते. त्याच्यापेक्षा वयाने मोठी असलेली माणसे त्या गावात परवापरवापर्यंत पुष्कळ होती. तो जिथे उभा आहे तिथे १९४३ सालच्या अखेरीपर्यंत गव्हाची शेते होती! या डोंगराचे नाव शोवा-शिन्झान. 'शिन' म्हणजे नवा, 'झान' म्हणजे डोंगर. जपानचे त्या वेळचे सम्राट हिरोहितो यांच्या कारकिर्दीला 'शोवा' म्हणतात. तेव्हा शोवा-शिन्झान म्हणजे 'शोवा काळातला नवा डोंगर'.

या डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसे संग्रहालय आहे. ते १९८८ साली सुरू झाले. तेथे राजेरजवाड्यांच्या तलवारी नाहीत की सोन्याची नाणी नाहीत. तेथे आहेत जुनी रेखाचित्रे, छायाचित्रे, नोंदी, दगडांचे नमुने आणि एक आकृती. त्या आकृतीमुळे एका खेड्यातल्या पोस्टमास्तरचे नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांना माहीत झाले. त्यांचे नाव मासाओ मिमात्सु. हे संग्रहालय त्यांच्याच स्मरणार्थ उभारलेले आहे.

उसू पर्वत आणि त्याचा शेजार

जपानच्या नकाशात सर्वांत उत्तरेकडचे मोठे बेट शोधा. ते होक्काइदो. या बेटाच्या नैर्ऋत्य भागात तोया नावाचे एक गोल सरोवर आहे. एक लाखाहून अधिक वर्षांपूर्वी झालेल्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकात तेथील जमीन खचली, मोठा खड्डा पडला आणि पुढे त्यात पाणी साचले. अशा खड्ड्याला 'महाकुंड' म्हणतात. या सरोवराच्या दक्षिण काठावर उसू नावाचा जागृत ज्वालामुखी आहे. त्याची उंची सुमारे ७३० मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या उंचीच्या जवळपास निम्मी. पण उंचीवरून ज्वालामुखीचा स्वभाव कळत नाही!

उसूचे उद्रेक जपानी लोकांनी तीनशेहून अधिक वर्षे नोंदून ठेवले आहेत. १६६३, १७६९, १८२२, १८५३, १९१०, १९४३ ते १९४५, १९७७-७८ आणि २००० ही त्यांतील महत्त्वाची साले. १८२२ च्या उद्रेकात तापलेली राख आणि वायू यांचा लोट डोंगरावरून धावत खाली आला व त्याने पायथ्याचे एक गाव उद्‍ध्वस्त केले. असे असूनही लोक तेथे राहतात. जमीन सुपीक आहे, उन्हाळे आहेत, सरोवर आहे. गरम पाण्याचे झरे आणि ज्वालामुखी ही दोन्ही एकाच उष्णतेची लेकरे. एक हवे आणि दुसरे नको, असे म्हणता येत नाही.

१९१० सालचा धडा

मासाओ मिमात्सु यांचा जन्म १८८८ सालचा. उसूच्या पायथ्याशी असलेल्या सोबेत्सु गावच्या पोस्टात ते काम करीत. ते बावीस वर्षांचे असताना, जुलै १९१० मध्ये, उसूच्या परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले. जवळच्या मुरोरान शहराच्या पोलिसप्रमुखाला ज्वालामुखीच्या आधी भूकंप होतात हे ठाऊक होते. त्याने वाट पाहत न बसता लोकांना हलविण्याचा हुकूम दिला. सुमारे पंधरा हजार माणसे घरे सोडून दूर गेली. त्यानंतर २५ जुलैला उद्रेक झाला. शास्त्राच्या ज्ञानावर विसंबून उद्रेकाच्या आधीच एवढ्या लोकांना हलविल्याचे हे जगातील फार जुन्या उदाहरणांपैकी एक आहे.

उद्रेकाचा अभ्यास करण्यासाठी तोक्योहून नामवंत भूकंपशास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी तेथे आले. ज्वालामुखीच्या पोटात शिलारसाची हालचाल होत असताना जमीन बारीक थरथरत राहते. तिची नोंद ओमोरी यांनी उसूजवळ आपल्या भूकंपलेखक यंत्राने केली. शास्त्रज्ञांना वाटा दाखविणे, त्यांच्या कामात मदत करणे हे काम तरुण मिमात्सुंकडे आले. त्याच वेळी सरोवराच्या काठची जमीन हळूहळू फुगून तेथे सुमारे दीडशे मीटर उंचीचा एक नवा उंचवटा तयार झाला.

मिमात्सु काही विद्यापीठात शिकले नव्हते. पण शास्त्रज्ञ कसे पाहतात, काय टिपून घेतात, 'सुमारे', 'पुष्कळ', 'खूप' असे शब्द टाळून मोजमाप का करतात, हे त्यांनी जवळून पाहिले. हा धडा तेहेतीस वर्षांनी उपयोगी पडणार होता.

शेत फुगू लागले

२८ डिसेंबर १९४३. उसूच्या परिसरात पुन्हा भूकंप सुरू झाले. मिमात्सु तोपर्यंत सोबेत्सुचे पोस्टमास्तर झाले होते. त्यांनी धक्के मोजून लिहून ठेवण्यास सुरुवात केली. काही दिवसांनी लोकांच्या ध्यानात आले की, उसूच्या पूर्वेकडील शेतजमीन वर येत आहे. रस्त्यांना भेगा पडल्या. विहिरींचे व ओढ्यांचे पाणी बदलले. तेथून एक रेल्वेमार्ग जात होता आणि मुरोरानच्या पोलादाच्या कारखान्यासाठी त्यावरून लोखंडाच्या खनिजाची वाहतूक होई. त्याचे रूळ वाकू लागले. माणसे रात्रंदिवस खपून रूळ सरळ करीत आणि जमीन ते पुन्हा वाकवी. शेवटी मार्गच बाजूला सरकवावा लागला.

तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता. लोकांत घबराट पसरू नये म्हणून असल्या बातम्या छापण्यावर बंधने होती. फोटोची फिल्म मिळणे दुरापास्त झाले होते. शास्त्रज्ञ अधूनमधून येऊन पाहणी करून जात. पण महिनोन्महिने तेथेच मुक्काम ठोकून रोज मोजमाप करावे, अशी कोणाचीही परिस्थिती नव्हती. म्हणजे पाहा, माणसाच्या डोळ्यांदेखत एक डोंगर जन्माला येत होता आणि त्याची नोंद ठेवायला कोणी मोकळा नव्हता! ही संधी गेली तर ती परत आणता येणार नव्हती. निसर्ग आपला प्रयोग आपल्यासाठी पुन्हा करून दाखवीत नाही.

हे काम पोस्टमास्तरांनी आपल्या अंगावर घेतले.

दोरी, हनुवटी आणि कागद

त्यांच्याजवळ साधने काय होती? कागद, पेन्सिल, दोरी आणि चिकाटी. पोस्टाच्या मागच्या बाजूने ती फुगणारी जमीन दिसत असे. तेथे त्यांनी खांब रोवून आडव्या, समपातळीत दोऱ्या ताणून बांधल्या. दोऱ्यांच्या अलीकडे हनुवटी टेकवण्यासाठी आधार केला. त्यावर हनुवटी टेकवून ते दोऱ्यांमधून पाहत आणि डोंगराची कडा दोरीच्या किती वर, किती खाली दिसते ते कागदावर काढून घेत. काही दिवसांनी पुन्हा तीच जागा, तीच दोरी, तोच आधार आणि नवी रेषा.

आता तुम्ही विचाराल, हनुवटी टेकवण्याची एवढी काय आवश्यकता? त्याचे उत्तर तुमच्या भूमितीच्या पुस्तकात आहे. समजा, दोरी डोळ्यापासून १ मीटर अंतरावर आहे आणि डोंगर २ किलोमीटर, म्हणजे २,००० मीटर दूर आहे. डोळा, दोरी आणि डोंगर यांच्यामुळे दोन समरूप त्रिकोण तयार होतात. डोंगर दोरीच्या २,००० पट दूर आहे. म्हणून दोरीजवळ १ सेंटीमीटर दिसणारी वाढ म्हणजे डोंगरावर २,००० सेंटीमीटर, अर्थात २० मीटर वाढ!

हे सोयीचे खरे, पण त्यातच धोकाही आहे. समजा, आज तुम्ही ताठ उभे राहून पाहिले आणि उद्या किंचित वाकून पाहिले. डोळा फक्त १ सेंटीमीटर खाली आला. तर दोरीवरून जाणारी दृष्टिरेषा तिकडे डोंगरावर सुमारे २० मीटरनी वर सरकेल. डोंगर जागच्या जागी असताना तो २० मीटर खचला, असे तुम्ही लिहून बसाल. म्हणून डोळ्याची जागा पक्की हवी. महागडी दुर्बीण आणूनही जे साधले नसते ते हनुवटीच्या आधाराने साधले. प्रयोगात कोणती गोष्ट बदलू द्यायची आणि कोणती मुळीच बदलू द्यायची नाही, हे ठरविण्यातच शास्त्राची निम्मी करामत असते.

तीन अंक

या जन्मकथेचे तीन अंक पडतात. पहिला अंक डिसेंबर १९४३ ते जून १९४४. या काळात भूकंप होत राहिले आणि शेतजमीन भाकरीसारखी फुगत गेली. आग नाही, धूर नाही. जमीन मात्र उंच होत होती.

दुसरा अंक २३ जून १९४४ रोजी सुरू झाला. त्या दिवशी शेतातून पहिला स्फोट झाला. वर येणाऱ्या तप्त शिलारसाची जमिनीतल्या पाण्याशी गाठ पडली की पाण्याची एकदम वाफ होते. तिला जागा पुरत नाही. प्रेशर कुकरचे झाकण उडाले तर काय होते याची कल्पना करा, म्हणजे या स्फोटांचे स्वरूप ध्यानात येईल. ऑक्टोबर अखेरपर्यंत लहानमोठे अनेक स्फोट झाले. राखेने शेते, झाडे, घरे झाकून टाकली. कित्येक शेतकऱ्यांच्या जमिनी आणि घरे कायमची गेली.

तिसरा अंक नोव्हेंबर १९४४ पासूनचा. स्फोट थांबले आणि फुगलेल्या जमिनीला भेदून खुद्द लाव्हाच डोके वर काढू लागला. तो वाहून गेला नाही. घट्ट, तापलेल्या सुळक्यासारखा तो इंच इंच वर सरकत राहिला. सप्टेंबर १९४५ मध्ये ही वाढ थांबली. त्याच्या आदल्याच महिन्यात युद्ध संपले होते. जिथे शेत होते तिथे आसपासच्या जमिनीपेक्षा सुमारे अडीचशे मीटर उंच डोंगर उभा होता. सुमारे एकवीस महिन्यांत अडीचशे मीटर. म्हणजे दिवसाला सरासरी किती? हिशेब करा. उत्तर सुमारे ४० सेंटीमीटर येईल. अर्थात ही केवळ सरासरी आहे. प्रत्यक्षात वाढ कधी वेगाने, कधी मंद गतीने झाली. ती कधी वेगाने झाली आणि कधी मंदावली, हे सांगणार कोण?

हे सांगते ती पोस्टमास्तरांची आकृती. त्यांनी वेळोवेळी काढलेल्या कडा एकाच कागदावर एकावर एक काढल्या आणि प्रत्येकीवर तारीख घातली. झाडाच्या बुंध्यात जशी वर्तुळे दिसतात तशा या रेषा एकीवर एक चढत जातात. दोन रेषांत अंतर जास्त तर वाढ वेगाने, अंतर कमी तर वाढ हळू. कोणता भाग आधी उचलला गेला, सुळका कोठून व केव्हा बाहेर आला, हे सारे एका दृष्टिक्षेपात कळते.

१९४८ साली नॉर्वेतील ऑस्लो येथे भूशास्त्राशी संबंधित शास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली. भूशास्त्रज्ञ हिदेझो तानाकादाते यांच्यामार्फत ही आकृती तेथे गेली. एखाद्या लाव्हा-घुमटाची वाढ आरंभापासून अखेरपर्यंत अशी नोंदलेली कोणी पाहिली नव्हती. तेव्हापासून ती 'मिमात्सु आकृती' या नावाने ओळखली जाते.

वाहिला का नाही?

आता महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या मनात एक प्रश्न यायला हवा. आपल्याकडेही ज्वालामुखींतून लाव्हा बाहेर पडला, पण तो तर मैलोगणती पसरला. घाटातून जाताना डोंगराला पायऱ्या पायऱ्या दिसतात, त्या या लाव्ह्याच्या थरांवर थर साचल्यामुळे. मग जपानमधला लाव्हा खुंटासारखा उभा का राहिला?

गुऱ्हाळात गेला असाल तर उत्तर सोपे आहे. पातळ काकवी ओतली तर ती भराभर पसरते. तोच रस जास्त आटवला की घट्ट होतो; कलथ्याने उचलला तर ढिगासारखा बसतो. लाव्ह्याचेही असेच आहे. हा दाटपणा, ज्याला शास्त्रात 'श्यानता' म्हणतात, मुख्यतः सिलिकाच्या प्रमाणावर व तापमानावर अवलंबून असतो. आपल्या बेसाल्ट खडकात सिलिका शेकडा ५० च्या आसपास असते आणि त्याचा लाव्हा बाहेर येताना ११०० ते १२०० अंश सेल्सिअस एवढा तापलेला असतो. तो पातळ, म्हणून दूरवर वाहतो. शोवा-शिन्झानचा खडक आहे डेसाइट. त्यात सिलिका शेकडा ७० च्या जवळ असते आणि त्याचा लाव्हा बेसाल्टपेक्षा कमी तापमानाचा असतो. सिलिकाचे कण एकमेकांत गुंतून लांब साखळ्या बनवितात, त्यामुळे रस अतिशय दाट होतो. असा लाव्हा वाहत नाही. तो मागून येणाऱ्या दाबाने वर ढकलला जातो आणि त्याचा घुमट बनतो.

बी रुजताना काय होते ते तुम्ही पाहिले आहे. कोंब वर येतो तेव्हा डोक्यावरचे मातीचे ढेकूळ उचलून धरतो. शोवा-शिन्झानने तेच केले. त्याने जुनी शेतजमीन डोक्यावर घेतली. म्हणूनच या डोंगरावर उंच जागी नदीतले गोल गुळगुळीत गोटे सापडतात. नदी काही डोंगर चढून गेली नव्हती. नदीकाठची जमीनच वर गेली! आणि डोंगराचा लालसर रंग? लाव्ह्याच्या उष्णतेने ती शेतातली माती भट्टीतल्या विटेसारखी भाजून निघाली, तिचा तो रंग आहे.

याच १९४३ सालच्या फेब्रुवारीत मेक्सिकोत पारिकुतिन नावाचा ज्वालामुखीही एका मक्याच्या शेतातूनच वर आला. पण तो बाहेर उडालेली राख व दगड यांचा ढीग साचून वाढला. शोवा-शिन्झान खालून ढकलला जाऊन वाढला. दोन्ही डोंगर शेतातले, पण घडण वेगळी.

डोंगर विकत घेणारा माणूस

युद्ध संपले. ज्या शेतकऱ्यांची शेते डोंगर झाली त्यांचे काय? डोंगरावर गहू पिकत नाही. शिवाय ज्वालामुखीच्या तोंडाशी गंधक साचते. ते खणून नेण्यासाठी डोंगर पोखरला जाण्याचा धोका होता. १९४६ साली मिमात्सु यांनी स्वतःचे पैसे घालून ती जमीन विकत घेतली. त्यामुळे शेतकऱ्यांना थोडा आधार मिळाला आणि डोंगरही वाचला. पुढे १९५१ साली जपान सरकारने त्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला आणि १९५७ साली विशेष नैसर्गिक स्मारक म्हणून घोषित केले. एका पोस्टमास्तरने जागृत ज्वालामुखीचा भाग विकत घ्यावा, अशी उदाहरणे जगात शोधूनही फारशी सापडणार नाहीत.

आज या डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून ३९८ मीटर आहे. जन्मला तेव्हा तो याहून थोडा उंच होता. आतला लाव्हा थंड होऊन आकसतो आहे आणि पाऊस, वारा, बर्फ त्याला झिजवीत आहेत. तरी अजून त्याच्या अंगातून वाफा निघताना दिसतात. पायथ्याशी मिमात्सु यांचा पुतळा आहे. सर्वेक्षणाच्या यंत्रातून डोंगराकडे पाहत असलेले पोस्टमास्तर त्यात दाखविले आहेत.

१९७७ सालच्या ऑगस्टमध्ये उसूचा पुन्हा उद्रेक झाला तेव्हा मिमात्सु ८९ वर्षांचे होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. एका माणसाने एकाच ज्वालामुखीचे तीन उद्रेक पाहिले: विशीत, पन्नाशीत आणि नव्वदीच्या उंबरठ्यावर.

नोंदींनी वाचविलेली माणसे

इतक्या नोंदी ठेवून मिळाले काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर २००० साली मिळाले. उसूचे जुने उद्रेक तपासताना शास्त्रज्ञांना एक गोष्ट वारंवार दिसली होती. हा डोंगर न सांगता येत नाही. आधी भूकंपाचे धक्के देतो, मग उद्रेक करतो. म्हणून जपानी लोक त्याला 'खोटे न बोलणारा डोंगर' म्हणतात. २७ मार्च २००० रोजी भूकंप वाढू लागले. २९ मार्चला हवामान खात्याने जाहीर केले की, काही दिवसांतच उद्रेक होण्याची शक्यता आहे. दहा हजारांहून अधिक लोक घराबाहेर पडून सुरक्षित जागी गेले. ३१ मार्चला दुपारी उद्रेक झाला. उन्हाळ्याच्या गावालगत आणि हमरस्त्याजवळ नवी विवरे उघडली. घरे, रस्ते, लहान मुलांची एक शाळा यांचे अतोनात नुकसान झाले. पण एकही माणूस दगावला नाही.

यावरून सगळे ज्वालामुखी उसूसारखेच सरळ असतात असे समजू नका. जपानमधील ओन्ताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी स्पष्ट पूर्वसूचनेविना वाफेचा स्फोट झाला आणि डोंगरावर गेलेल्यांपैकी ६३ जण मृत्यू पावले वा बेपत्ता झाले. प्रत्येक ज्वालामुखीचा स्वभाव निराळा. तो ओळखायचा तर त्याच्याजवळ राहून वर्षानुवर्षे नोंदी ठेवणे, एवढा एकच मार्ग आहे.

उसूच्या लोकांनी २००० साली वाकलेले रस्ते, चिखलात बुडालेल्या इमारती यांतील काही मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत. पुढच्या पिढीने त्या पाहाव्यात आणि विसरू नये, हा हेतू. ज्वालामुखीची माहिती इतरांना सांगणारे जाणकार गावकऱ्यांतूनच तयार केले जातात. २००९ साली हा सारा परिसर जागतिक भूउद्यान म्हणून मान्य झाला. त्यात शोवा-शिन्झानच्या पायथ्याचे ते छोटे संग्रहालय आहे. आकाराने लहान, पण त्यातली आकृती मोठमोठ्या ग्रंथांत पोहोचली आहे.

आपल्या देशात जागृत ज्वालामुखी एकच, अंदमान समुद्रातील बॅरन बेटावरचा. त्याचा उद्रेक १७८७ साली नोंदला गेला. नंतर दीर्घकाळ शांत राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. तेथे वस्ती नाही, त्यामुळे तेथे पोस्टमास्तरही नाही! पण निरीक्षण करायला ज्वालामुखीच लागतो असे कोठे आहे?

करून पाहा

१. तुमच्या घराच्या वा शाळेच्या खिडकीतून हळूहळू बदलणारी एखादी वस्तू निवडा. बांधकाम चालू असलेली इमारत, वाढता ऊस, रचली जाणारी गवताची गंजी किंवा खणला जाणारा मुरमाचा डोंगर, काहीही चालेल.

२. खिडकीच्या चौकटीला दोन आडवे दोरे समपातळीत ताणून बांधा. पातळी पाहण्यासाठी अर्धी भरलेली काचेची बाटली आडवी धरली तरी चालते.

३. दोऱ्यापासून ठरावीक अंतरावर हनुवटी टेकवण्यासाठी स्टूल व त्यावर फळी ठेवा. त्यांच्या जागा खडूने आखून ठेवा. एक डोळा मिटून पाहा आणि नेहमी त्याच डोळ्याने पाहा.

४. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, वस्तूची वरची कडा त्याच कागदावर काढा. प्रत्येक रेषेवर तारीख घाला. तारीख नसलेली रेषा म्हणजे पत्ता नसलेले पत्र!

५. एखादा आठवडा चुकला तर ती रेषा अंदाजाने काढू नका. जागा रिकामी सोडा. रिकामी जागा खरी असते.

विचार करा

१. डोळा व दोरा यांत ५० सेंटीमीटर अंतर आहे. इमारत १०० मीटर दूर आहे. दोऱ्याजवळ २ सेंटीमीटर वाढ दिसली तर इमारत किती उंच झाली?

२. उसूच्या १७६९ पासून २००० पर्यंतच्या उद्रेकांमधली अंतरे काढा. १९४३ ते १९४५ या उद्रेकासाठी १९४३ आणि १९७७-७८ साठी १९७७ हे साल धरा. सरासरी साडेअडतीस वर्षे येते का पाहा. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे अंतर कोणते? केवळ सरासरीवरून पुढच्या उद्रेकाचे साल सांगणे योग्य ठरेल का?

३. डोंगरमाथ्यावर नदीतले गोटे सापडले, तर त्याची किती कारणे संभवतात? त्यांतले खरे कोणते हे ठरविण्यासाठी तुम्ही आणखी काय शोधाल?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ४ मीटर आहे. तिसऱ्याचे उत्तर येथे देत नाही. ते वर्गात एकमेकांशी वाद घालून आणि शिक्षकांशी चर्चा करून शोधा.